गृहव्यवस्था : उकिरड्याचें दैव

उकिरड्याचें दैवदेखील बारा वर्षांनीं पालटतें, अशी आपल्याकडे म्हण आहे. संकटांत सांपडलेल्या माणसाला धीर देण्यापुरती ती ठीक आहे. परंतु प्रत्यक्ष उकिरड्याच्या बाबतींत ती फारच सबुरीची म्हटली पाहिजे. नीट रचलेल्या आणि नीट राखलेल्या उकिरड्याचें दैव पालटावयास तीन-चार महिने पुरे होतात. प्रश्न एवढाच कीं, तो रचावयाचा कोणीं आणि राखावयाचा कोणीं? या महिन्यांत आम्ही जें सांगणार आहों, त्यांतील बराचसा भाग कृतीविषयीं असला, तरी सगळा भर या प्रश्नावर आहे.

हा विषय निघण्याचें कारण म्हणजे कोपरीहून एका भगिनीचें आलेलें पत्र. ठाणें स्टेशनच्या पूर्वेस, खाडीच्या अंगाला कोपरी आहे. आतां तेथें बहुतेक इमारतीच झाल्या. पण या भगिनींचें घर अजून जुनें, बैठें असून त्याच्या मागें लहानसें परसूं आहे. परसांत एक आंबा, एक जांभूळ, दोन नारळ आणि मध्यभागीं तुळशीवृंदावन. घरांत लहानथोर मिळून अकरा माणसें. स्वयंपाकघरांतला ओला कचरा आणि झाडांचा पाला यांचें परसांतच खत करावें, असें त्यांच्या मनांत गेलें वर्षभर घोळत आहे. परंतु सासूबाई म्हणतात, ‘तुळशीच्या अंगणांत खरकटें सांठवावयाचें, हें या घरांत चालणार नाहीं.’ थोरले दीर म्हणतात, ‘घाण सुटेल, घुशी होतील, शेजारी भांडावयास येतील.’ आणि यजमान म्हणतात, ‘तुला हौस असेल तर कर, मला मात्र त्यांत ओढूं नको.’ शेवटीं त्या विचारतात, ‘या तिघांना मी काय उत्तर देऊं?’

तिघांचीहि उत्तरें आम्ही क्रमानें देतों. त्यांतील पहिलीं दोन सोपीं आहेत. तिसरें कठीण आहे, आणि तें आमच्या बहुतेक वाचकांच्या घरांना लागू पडणारें आहे.

प्रथम सासूबाईंचें म्हणणें घेऊं. कारण तें हंसण्यावारी नेण्यासारखें मुळींच नाहीं. जुन्या घरांत खरकटें निराळें, केर निराळा आणि निर्माल्य निराळें, असा भेद कटाक्षानें पाळला जाई. आज नगरपालिका ‘ओला’ आणि ‘सुका’ असे दोन डबे ठेवण्यास सांगते, तेव्हां आपल्याला ती नवी शिस्त वाटते. पण आमच्या आज्यांना ती उपजत होती. शिजलेलें अन्न लवकर नासतें, त्यावर माशा बसतात, उंदीर-घुशी येतात. म्हणून तें घराजवळ सांठूं द्यावयाचें नाहीं, हा त्या नियमांतला सुज्ञपणा. उलट भाजी निवडून उरलेले देठ, शेंगांच्या शिरा, केळ्यांच्या साली, नारळाच्या शेंड्या यांना कोणींहि खरकटें म्हटलें नाहीं; तें सरळ झाडाच्या आळ्यांत किंवा गोठ्यांत जात असे.

खत करावयास नव्यानें लागणाऱ्या घराला शास्त्रहि हेंच सांगतें कीं, आरंभीं शिजलेलें कांहींहि घालूं नये. तेव्हां आमची सूचना अशी आहे. पहिले तीन महिने निव्वळ न शिजलेला ओला कचरा, चहाचा चोथा, झाडांचा पाला आणि निर्माल्य एवढेंच घ्यावें. खताची जागा वृंदावनापासून दूर, परसाच्या दुसऱ्या टोंकाला असावी. म्हणजे सासूबाईंचा नियमहि मोडत नाहीं आणि कामहि अडत नाहीं. हात बसल्यावर उरलेला भात, पोळीचे तुकडे अशा गोष्टी थोड्या प्रमाणांत, सुक्या पाल्यांत चांगल्या मिसळून घालतां येतात. पण तो निर्णय पुढें घरांतील वडील माणसांनीं प्रत्यक्ष पाहून घ्यावा.

निर्माल्याविषयीं एक शब्द अधिक. निर्माल्य पायदळीं येऊं नये, हा त्यासंबंधीचा मूळ नियम. तें प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधून, पिशवीसकट पुलावरून खाडींत भिरकावणें, हें त्या नियमाचें पालन नव्हे. कोपरीच्या कडेची ही ठाण्याची खाडी म्हणजे कांहीं निरुपयोगी पाण्याचा ओहोळ नाहीं. तिच्या एका भागाला २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून राज्य सरकारनें घोषित केलें आणि २०२२ सालीं रामसर करारांतील जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्यें तिची गणना झाली. तिच्या कांठच्या तिवरांच्या मुळांशीं आमच्या देवघरांतल्या पिशव्या अडकलेल्या दिसाव्या, हें देवालाहि आवडण्यासारखें नाहीं. दोरा, तार आणि चमकी काढून टाकलेलीं फुलें व पत्री खतांत घालावीं, आणि तयार झालेलें खत तुळशीला, जास्वंदीला, पारिजातकाला घालावें. देवाचें फूल पुन्हां देवाच्याच फुलझाडाला गेलें, तर त्याहून अधिक सोंवळें तें काय असणार?

आतां आपण जो कचरा दारांतून बाहेर काढतों, तो जातो कोठें, हेंहि घरांतल्या वडील मंडळींना कळलें पाहिजे. ठाण्याचा कचरा कित्येक वर्षें दिव्याला जाऊन पडत असे; २०२३ सालीं तेथें कचरा टाकणें थांबलें. कल्याणचा आधारवाडीचा ढीग २०२१ सालीं बंद झाला. त्यापूर्वीं त्याला वारंवार आगी लागत, आणि २०१८ च्या मार्चमधील आगीचा धूर आसपासच्या वस्तींत कित्येक दिवस कोंडून राहिला होता. मुंबईचा देवनारचा ढीग १९२७ पासूनचा. २०१६ च्या जानेवारीअखेर तो पेटला, तेव्हां त्याचा धूर आकाशांत फिरणाऱ्या उपग्रहांच्या छायाचित्रांतहि दिसला.

या आगींचें मूळ पुष्कळ अंशीं आपल्या स्वयंपाकघरांत आहे. आपल्याकडील घरगुती कचऱ्यांत निम्म्याहून अधिक भाग ओला असतो. तो मोठ्या ढिगाच्या पोटांत दडपला गेला, म्हणजे त्याला हवा मिळत नाहीं. आणि हवेवांचून कुजणाऱ्या पदार्थांतून मिथेन नांवाचा ज्वालाग्राही वायु निघतो. शंभर वर्षांच्या हिशोबानें पृथ्वीची उष्णता वाढविण्यांत हा वायु कर्बवायूच्या सुमारें २८ पट प्रबळ ठरतो. तोच देठ, तीच साल हवा लागेल अशा रीतीनें कुजली, तर मिथेन फारच थोडा निघतो, दुर्गंधि सुटत नाहीं आणि मागें खत उरतें. साध्या उकिरड्यांत आणि खताच्या ढिगांत फरक आहे तो एवढाच : हवेचा.

हें शास्त्र पाश्चात्त्यांनीं आपल्याला आयतें आणून दिलें, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ सालीं हिंदुस्थानांत आले. इंदूर येथें १९२४ सालीं स्थापन झालेल्या संस्थेंत त्यांनीं व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं खताची जी पद्धत बसविली, ती ‘इंदूर पद्धति’ म्हणून जगभर गेली. १९३१ सालीं दोघांच्या नांवानें त्यासंबंधीचें पुस्तक प्रसिद्ध झालें. पाला, शेण, गोमूत्र मुरलेली माती व राख यांचे थर देणें, ओल राखणें आणि ठराविक दिवसांनीं ढीग उलथणें, हें त्या पद्धतीचें सार. या वस्तु आमच्या शेतकऱ्याच्या दारांत होत्याच. त्यांच्या मांडणीला हॉवर्ड आणि वाड यांनीं मोजमाप दिलें. इंदूरला जें बैलगाड्यांच्या हिशोबानें झालें, तें कोपरीच्या परसांत पाट्यांच्या हिशोबानें करावयाचें आहे, इतकेंच.

आतां कृति. पहिली गोष्ट, कोपरीसारख्या खाडीलगतच्या सखल भागांत खड्डा खणूं नये. पावसाळ्यांत जमिनींतलें पाणी वर येतें, खड्डा भरतो आणि खताऐवजीं चिखल होतो. जमिनीपेक्षां वीतभर उंच असा ओटा करावा आणि त्यावर विटांचा चौकोनी कप्पा रचावा : लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी ३ फूट. विटा चुन्या-सिमेंटानें सांधूं नयेत. दोन विटांमध्यें दोन बोटें फट ठेवीत कोरड्याच रचाव्या, म्हणजे हवा खेळते. असे दोन कप्पे शेजारीं शेजारीं असावे. एक भरत असतां दुसऱ्यांतला माल मुरत राहतो. तळाशीं अर्धा इंच छिद्रांची लोखंडी जाळी अंथरावी. तिच्यांतून गांडुळें वर येतील, पण घूस शिरणार नाहीं. फटींनाहि आंतून तीच जाळी लावावी. वर उतरता पत्रा ठेवावा आणि घराच्या पागोळ्या त्यावर पडणार नाहींत अशी जागा निवडावी. झाडाची सावली असल्यास उत्तम. ज्यांना परसूं नाहीं, त्यांना भोंकें पाडलेलें झांकणाचें पिंप किंवा मातीचे दोन मोठे माठ गच्चीवर चालतील, नियम तेच.

तळाशीं सहा इंच जाडीचा थर नारळाच्या सोडणांचा व काटक्यांचा द्यावा. त्यावर एक पाटी जुनें शेणखत किंवा कोणाकडून आणलेलें तयार खत पसरावें. दुधाला विरजण लावतों, तसेंच हें आहे. खत करणारे आपण नव्हें. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव तें करतात, आणि आपण फक्त त्यांच्या राहण्याजेवण्याची सोय लावतों. विरजणावांचूनहि ते येतील, पण उशिरानें.

मग रोजचें प्रमाण. एक पाटी ओला कचरा पडला कीं त्यावर दोन पाट्या सुका पाला पडलाच पाहिजे. ओल्या कचऱ्यांत नत्र अधिक, सुक्यांत कर्ब अधिक. नत्राच्या एका भागास कर्बाचे २५ ते ३० भाग असले, म्हणजे हे जीव जोमानें वाढतात. वजनें घेऊन बसण्याचें कारण नाहीं, पाटीचें माप पुरतें. सुका पाला म्हणजे वाळलेलीं पानें, सुताराकडील लांकडाचा भुसा, काथ्याचा भुसा किंवा फाडलेलें वर्तमानपत्र. ओला कचरा मोठा असेल तर कोयत्यानें बारीक करावा. फणसाची साल अखंड टाकली तर ती महिनोन् महिने तशीच राहते. आंब्याच्या कोयींचेंहि तेंच. नारळाची करवंटी घालूंच नये.

येथें एक गोष्ट आमच्या भगिनींना चटकन पटेल. पावसाळ्यापूर्वीं आपण कुरडया, पापड, मसाला यांची आगोटीची बेगमी करतों. खताच्या कामांत तशीच बेगमी सुक्या पाल्याची करावी लागते. माघ-फाल्गुनांत झाडें पानें टाकतात, तेव्हां ती पेटवून न देतां गोणींत भरून कोरड्या जागीं ठेवावीं. अकरा माणसांच्या घराला पावसाळ्याचे चार महिने काढावयास निदान दहा-बारा गोणी लागतील असें धरून चालावें. ज्या घरांत ही बेगमी नाहीं, त्या घरचें खत श्रावणांत हमखास बिघडतें.

ओल किती असावी? मूठभर माल घेऊन दाबून पाहावा. बोटांच्या फटींतून एक-दोन थेंब आले, तर ओल बरोबर आहे. धार लागली तर सुका पाला वाढवावा. मूठ उघडतांच माल भुसभुशीत होऊन पडला तर पाणी शिंपडावें. विहिरीचें पाणी मचूळ असल्यास तें वापरूं नये, कारण खतांत क्षार सांठतात. आठ दिवसांनीं एकदां फावड्यानें सारा माल खालवर करावा. पोटांत लोखंडी सळई खुपसून पांच मिनिटांनीं काढली तर ती हाताला चांगली गरम लागते. ५० ते ६० अंशांपर्यंत उष्णता चढते. लहान कप्प्यांत किंवा माठांत एवढी उष्णता होत नाहीं. तेथें काम चालतेंच, पण सावकाश. कप्पा भरला म्हणजे पाल्याचा जाड थर देऊन तो मुरत ठेवावा आणि दुसरा धरावा.

काय घालूं नये, त्याची यादी स्वयंपाकघराच्या दाराशींच लावून ठेवावी. तेलकट-तुपकट पदार्थ, लोणचें, दूध-दही, मोठ्या प्रमाणांत लिंबाच्या साली, रोग पडलेलीं झाडें, कुत्र्यामांजरांची विष्ठा, औषधें, आणि अर्थात् प्लॅस्टिक, कांच, पत्रा. ज्यांच्या घरीं मासे येतात, त्यांनीं त्याचा कचरा यांत घालूं नये. मांजर आणि घूस दोघेंहि बोलावल्यासारखीं येतात.

आतां थोरल्या दिरांचे आक्षेप. त्यांची भीति खोटी नाहीं. बिघडलेल्या खताला घाण येतेच. मात्र कोणती घाण येते, तें ओळखतां आलें तर उपाय हातांत असतो. कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर समजावें कीं पाणी फार झालें व हवा कमी पडली. माल उलथून दुप्पट पाला घालावा. नाकाला झोंबणारा, नवसागरासारखा वास आला, तर ओला कचरा फार आणि सुका कमी पडत आहे; उपाय तोच. मुंग्या झाल्या तर ढीग कोरडा पडला आहे, पाणी शिंपडावें. चिलटें झालीं तर ओला कचरा उघडा राहतो आहे. त्यावर पाल्याचा चार बोटें थर द्यावा. पांढरट-करड्या, जाडसर अळ्या दिसल्या कीं घरांत एकच ओरड होते. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. ही माशी घरांत शिरून अन्नावर बसत नाहीं आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्यानें खातात. त्यांना मारूं नये. पाला वाढवावा म्हणजे त्या आपोआप कमी होतात. घुशींचा बंदोबस्त जाळीनें आणि शिजलेलें अन्न न घालण्यानें होतो. शेजाऱ्यांचें म्हणाल, तर पहिल्या तयार खतांतली एक पिशवी त्यांच्या कुंड्यांसाठीं पाठवावी; तक्रारीचीं तोंडें पुष्कळ वेळां तिनेंच बंद होतात.

तयार झालेलें खत काळसर, भुसभुशीत असतें. त्यांत मूळ वस्तु ओळखूं येत नाहींत आणि पहिल्या पावसानें भिजलेल्या मातीसारखा वास येतो. चाळणीनें चाळून घ्यावें. वर राहिलेला जाडाभरडा माल पुन्हां नव्या कप्प्यांत विरजण म्हणून उपयोगी पडतो. शंका असल्यास थोड्या खतांत तितकीच माती मिसळून मेथी पेरावी. ती चार-पांच दिवसांत नीट उगवली तर खत पिकलें. पिंवळी पडली किंवा उगवलीच नाहीं, तर आणखी महिनाभर मुरूं द्यावें. कुंडींत एक भाग खतास दोन-तीन भाग माती असावी. निव्वळ खतांत झाड लावूं नये. ओल्या कचऱ्यांत बहुतेक पाणीच असल्यामुळें घातलेल्या मालाच्या मानानें हातीं येणारें खत थोडें भरतें. तें पाहून कोणीं खट्टू होऊं नये. अळू, कढीलिंब, मोगरा, तुळस यांना त्याचा जो गुण येतो, तो विकतच्या पुडीनें येत नाहीं.

येथवर सासूबाई आणि दीर यांचें समाधान झालें असें धरूं. राहिले यजमान. ‘तुला हौस असेल तर कर,’ हें वाक्य ऐकावयास किती उदार वाटतें! परंतु त्याचा अर्थ काय होतो, तें पाहावें. अकरा माणसें जेवणार. भाजी, फळें, चहा सर्वांना हवीं. आणि त्यांतून उरलेलें निस्तरणें ही मात्र एका बाईची हौस! मोठ्या घरांत नवीन चांगली गोष्ट सुरू होते ती बहुधा अशीच बुडते. ती वाईट असते म्हणून नव्हे, तर ती सुनेच्या आधींच भरलेल्या दिवसावर आणखी एक ओझें होऊन बसते म्हणून.

आणि याच्याहि मुळाशीं एक जुनी खोड आहे. आमच्या वर्गाच्या घरांनीं स्वच्छता पुष्कळ पाळली. परंतु आपली घाण उचलणें हें दुसऱ्या कोणाचें तरी काम आहे, अशीहि समजूत तितक्याच निष्ठेनें पाळली. घरांत तें बाईचें काम, आणि दाराबाहेर तें अशा माणसांचें काम कीं ज्यांना आम्हीं पिढ्यान् पिढ्या दाराच्या आंत येऊं दिलें नाहीं. आमचें उष्टें त्यांनीं उचललें म्हणून आम्ही सोंवळे राहिलों, हें सत्य कडू असलें तरी सत्य आहे. आजहि आपण ओला-सुका एकत्र करून जी पिशवी बाहेर ठेवतों, ती पुढें कोणीतरी उघड्या हातांनीं उपसतो. तिच्यांतली फुटकी कांच त्या हातांत शिरते. २०१६ सालीं केंद्र सरकारनें केलेल्या नियमांनीं घरोघरीं कचरा वेगळा करण्याचें बंधन घातलें. तें बंधन कायद्यानें यावें लागलें, यांतच आमची कसूर आहे.

या खोडीवर उपाय दाखविणारा पुरुष आपल्याच कोंकणांत होऊन गेला. सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) हे उच्चशिक्षित, ब्राह्मण घरांत जन्मलेले. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत असतां त्यांनीं मैलासफाईचें काम आपल्याला द्यावें अशी मागणी केली. तें काम तेथें ठराविक जातींच्या कैद्यांकडूनच घेतलें जाई. अप्पासाहेबांना तें नाकारण्यांत आलें, तेव्हां त्यांनीं आहार कमी करून सत्याग्रह मांडला. येरवड्याला बंदींत असलेल्या गांधीजींनीं त्यांना पाठिंबा देण्यासाठीं डिसेंबर १९३२ मध्यें उपवास सुरू केला आणि सरकारनें लक्ष घालण्याचें कबूल केल्यावरच तो सोडला. पुढें १९४८ सालीं अप्पासाहेबांनीं कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापन केला आणि मैल्याचें व केरकचऱ्याचें खत करण्याचे प्रयोग तेथें वर्षानुवर्षें स्वतःच्या हातांनीं केले. घाण उचलणें कमीपणाचें राहूं नये, याचा खरा मार्ग त्यांनीं असा दाखविला कीं, ज्याची घाण त्यानें ती उचलावी, आणि उचलून तिचें सोनें करावें. आमच्या यजमानांना तुरुंगांत जावयास कोणी सांगत नाहीं. परसाच्या टोंकापर्यंत फावडें घेऊन जाण्यापुरताच हा प्रश्न आहे.

म्हणून आमची सूचना अशी कीं, कामाची वांटणी अगोदर झाल्याशिवाय पहिली वीट रचूं नये. स्वयंपाकघरांत दोन डबे असावे आणि जो कोणी फळ सोलील किंवा चहा गाळील त्यानेंच तो कचरा योग्य डब्यांत टाकावा; त्यासाठीं सुनेला हांक मारूं नये. ओला डबा रोज रात्रीं परसांत नेऊन त्यावर दोन पाट्या पाला टाकण्याचें काम घरांतील कर्त्या पुरुषांनीं आळीपाळीनें करावें. रविवारीं सकाळीं माल उलथण्याचें कामहि त्यांचेंच. अर्ध्या तासाहून अधिक लागत नाहीं आणि व्यायाम फुकट होतो. पाला गोळा करणें मुलांकडे द्यावें. मूठ दाबून ओल पाहणें, वास ओळखणें आणि एका वहींत तारीखवार नोंद ठेवणें हें आजोबांच्या किंवा आजींच्या अनुभवी नजरेचें काम आहे. कोपरीच्या सासूबाईंनीं ही वही आपल्याकडे घ्यावी, अशी आमची त्यांना नम्र विनंती आहे. नियम कडकपणें पाळून घेणारें माणूस या कामाला हवेंच असतें. ज्या इमारतींत दहा-वीस कुटुंबें आहेत, तेथेंहि हीच वांटणी मजल्यांच्या पाळीनें करतां येईल. पाळी चुकविणाऱ्याला दंड काय करावा, तें ज्याचें त्या घरानें ठरवावें.

आरंभ करावयास दसरा-दिवाळीचे दिवस सर्वांत चांगले. पाऊस सरलेला असतो, पुढें कोरडी हवा असते, आणि बिघाड झाला तरी तो सांवरावयास सवड मिळते. दिवाळीला धरलेला कप्पा संक्रांतीच्या सुमारास भरून मुरूं लागतो आणि गुढीपाडव्याच्या आंतबाहेर चाळण्याजोगा होतो. तें खत पावसाच्या तोंडावर लावावयाच्या रोपांना वेळेवर मिळतें. आणि तोंवर माघ-फाल्गुनाच्या पाल्याच्या गोणीहि भरून झालेल्या असतात. एवढ्यानें दिव्याचें किंवा आधारवाडीचें दुखणें बरें होणार नाहीं, हें आम्ही जाणतों; तें काम नगरपालिकेचें आहे आणि तें तिच्याकडून करून घेतलेंच पाहिजे. परंतु आपल्या पानांतलें उरलेलें आपल्याच परसांत जिरविणें हें नगरपालिकेचें काम नव्हे. तें आपलेंच आहे.

ज्या घरांत हा प्रयोग होईल, त्यांनीं रोजच्या ओल्या कचऱ्याचें वजन आणि हातीं आलेल्या खताचें वजन आम्हांस अवश्य कळवावें. त्याबरोबर आणखी एक आंकडा कळवावा : तीन महिन्यांतले किती दिवस डबा घरांतील पुरुषांनीं नेला. तो शेवटचा आंकडा आम्ही सर्वांत आधीं वाचूं.